मोठी घंटा, लहान घंटा

आमच्या चर्चला दोन घंटा आहेत. पॅरिशमधला पुरुष गेला की मोठी वाजते, बाई गेली की लहान. ठोके अगदी सावकाश पडतात. एकाचा नाद पूर्ण विरला की मगच दुसरा. परळच्या या चाळींमध्ये आमची ख्रिस्ती घरं थोडीच आहेत, पण घंटा सगळ्यांनाच ऐकू येते. ती ऐकली की आमच्या माणसाने हातातलं काम ठेवून उभं राहायचं आणि गेलेल्यासाठी प्रार्थना म्हणायची. कोण गेलं याची चौकशी नंतर. आमच्या घरी पहिला भाग मम्मी म्हणायची, "प्रभू, त्याला चिरशांती दे." दुसरा माझा, "आणि तुझा प्रकाश त्याच्यावर सदा राहो." गॅसवर दूध उतू गेलं तरी चालेल, पण हे आधी. पप्पा दोन्ही भागांना फक्त आमेन म्हणायचे. गिरणीतल्या आवाजाने त्यांचे कान गेले होते, त्यामुळे घंटा वाजल्याचं त्यांना मम्मीच्या उभं राहण्यावरूनच कळायचं.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत चर्चचं दार बंद होतं. रविवारची मिस्सा मोबाइलवर व्हायची. मी फोन बिस्किटाच्या डब्याला टेकवून ठेवायची आणि मम्मी त्याच्यासमोर डोक्यावर पदर घेऊन बसायची. घंटा वाजवणारा माणूस गावी गेला होता, म्हणून फादर स्वतः दोर ओढत. ते वसईचे, वयाने माझ्याहून लहान. नवखा हात होता, ठोके कधी जड पडायचे, कधी अर्धवट. "फादराक भाकरी घालूक होयी," मम्मी म्हणायची, आणि मग उभी राहायची. त्या महिन्यात ती इतक्या वेळा उभी राहिली की पुढे पुढे खुर्ची गॅलरीच्या दाराशीच ठेवू लागली.

मग आमच्याच घरात ताप आला. आधी पप्पांना, दोन दिवसांनी तिला. पप्पांना हॉस्पिटलात खाट मिळाली. अ‍ॅम्ब्युलन्समध्ये चढताना त्यांनी वळून पाहिलं नाही. मागून आम्ही काय बोलत होतो ते त्यांना ऐकूच गेलं नसणार. मम्मीसाठी खाट मिळाली नाही. फादरांनी चर्चच्या हॉलमधलं ऑक्सिजनचं मशीन पाठवलं. ते पलंगाशेजारी दिवसभर घुरघुरत राहायचं. डॉक्टर फोनवर म्हणाले, त्यांना हलवू नका, बोलू देऊ नका, आणि रडू तर मुळीच देऊ नका. रडलं की बोटाच्या चिमट्यावरचा ऑक्सिजनचा आकडा झरझर उतरतो हे मी एकदा बघितलं होतं. पप्पांना नेल्याच्या संध्याकाळीच.

पप्पा गेल्याचा फोन दुपारी आला. मी भात उतरवत होते. गॅलरीच्या टोकाला नळापाशी जाऊन मी ऐकून घेतलं आणि हो म्हटलं. मला रडू आलं नाही. डोक्यात एवढंच आलं, आता मोठी घंटा वाजेल. ती वाजली की मम्मी उठून बसेल, प्रार्थना म्हणेल आणि मग विचारेल, कोण गेलं. खोटं सांगायला मला जमलं असतं, ती माझ्या तोंडाकडे बघत नसती तर.

मी तिथूनच फादरांना फोन लावला. पप्पा गेले हे आधी सांगितलं की घंटा वाजवू नका हे आधी सांगितलं, ते आता आठवत नाही.  ते म्हणाले, "ठीक आहे, टीचर. शिवडीला मी जातो." मी शाळेत शिकवते आणि रविवारी चर्चमध्ये मुलांना धर्मशिक्षण देते, म्हणून सगळी पॅरिश मला टीचर म्हणते.

शिवडीच्या कबरस्तानात ते एकटेच उभे होते. मला निघता येत नव्हतं. मम्मीजवळ दुसरं कोणी नव्हतं, आणि मलाही घराबाहेर पडायला बंदी होती. त्यांनी व्हिडिओ पाठवला. प्लॅस्टिकचे पोशाख घातलेली माणसं दोरांनी पेटी खाली सोडत होती. आवाज बंद करून मी तो संडासात उभी राहून पाहिला, तोंड धुतलं आणि मम्मीला पेज भरवली. पप्पा कसे आहेत, तिने विचारलं. मी म्हटलं, तसेच आहेत, फोन आत घेऊ देत नाहीत.

असे दिवस गेले. रोज मी एक खोटं सांगायची आणि ते कालच्याशी जुळतंय ना ते बघायची. पप्पांनी आज थोडं खाल्लं. पप्पांना दुसऱ्या वॉर्डात हलवलं. आता वाटतं, त्या दिवसांत मी पप्पांसाठी एकदाही प्रार्थना केली नाही. ते जिवंत असल्याच्या बातम्या बनवण्यातच मी गुंतले होते.

माझ्या एक गोष्ट लक्षातच आली नाही. घंटा अजिबात वाजत नव्हती. मागच्या गल्लीतली एक म्हातारी गेली. वाडीत प्लेगच्या काळात उभारलेला क्रूस आहे, त्याच्या समोरच्या घरातला एक तरुण गेला. फोनवर निरोप येत होते, पण घंटा गप्प होती. फादरांनी मला नंतर सांगितलं, तुमच्या पप्पांसाठी वाजवली नाही आणि दुसऱ्यासाठी वाजवायची, हे माझ्या हाताला होईना. दोर हातात घेत आणि न ओढताच सोडून ते खाली उतरत. त्या तरुणाच्या वडिलांनी दारात येऊन त्यांना विचारलं होतं, आमच्याच पोराच्या वेळी तुमचे हात दुखले का. फादरांनी कारण सांगितलं नाही. ऐकून घेतलं.

एका सकाळी मी मम्मीचे केस विंचरत होते. ती म्हणाली, "बाय, घंटा कित्याक वाजत नाय?"

मी म्हटलं, लोक बरे होतायत.

ती थोडी हसली. तिने माझा हात धरून खाली केला. मशीनच्या घुरघुरण्यात तिचा आवाज जेमतेम ऐकू येत होता. "माझ्यापासून लपवूचा म्हणान बंद केलंत ना? पप्पा गेले."

मी कंगवा पुसत राहिले. माझ्या तोंडाकडे बघण्याची तिला गरजच पडली नाही.

ती रडली नाही. मी आकड्याकडे बघत होते. तिने विचारलं, कधी. मी सांगितलं. ती मनाशी दिवस मोजत असावी, कारण तिचे ओठ हलत होते. मग तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी विसरू शकत नाही. त्यात दुःख होतंच, पण त्याहून जास्त धास्ती होती. घरातून निघालेलं मूल शाळेत पोचलंच नाही असं कळल्यावर आईच्या तोंडावर येते तशी.

"म्हणजे इतके दिवस ते तसेच आसत," ती म्हणाली. "घंटा वाजल्याबिगर कोणाक कळतला? तेंच्यासाठी कोण प्रार्थना करतलो?" आणि श्वास घेऊन, "फादराक फोन कर. ऐकान मी मरूचंय नाय."

मी तिला समजावलं. डॉक्टरांचं सांगितलं. आपण दोघी हळूच म्हणू, घंटेशिवाय, असंही म्हटलं. तिने नळी नाकातून काढून हातात धरली.  मी फोन केला.

मोठी घंटा दुपारच्या आधी वाजली. मम्मीला मी पाठीशी उशा लावून बसवलं होतं, पण पहिल्या ठोक्याला तिने पाय खाली घेतले. मी तिला काखेत धरून उभं केलं. समोरच्या चाळीच्या गॅलऱ्यांत माणसं बाहेर आली. आमची होती त्यांनी क्रूसाची खूण केली, बाकीच्यांनी हात जोडले. इतक्या दिवसांनी वाजली म्हणून सगळेच वर बघत होते. "प्रभू," मम्मी म्हणाली आणि थांबली. "त्याला." पुन्हा थांबली. चिमट्यावरचा आकडा खाली खाली येत होता. एकेका शब्दाला एक ठोका जात होता. तिने भाग पुरा केला. मी माझा म्हटला. आमेन म्हणायला कोणी नव्हतं.

त्यानंतर फादर बाकीच्या सगळ्यांसाठी वाजवत राहिले, राहून गेलेल्या प्रत्येकासाठी वेगळी. मम्मी प्रत्येकासाठी पलंगावरूनच ओठ हलवत होती. संध्याकाळी तिला धाप लागली ती उतरली नाही. दोन दिवसांनी खाट मिळाली आणि तिथे ती आठवडाभर होती. डॉक्टरांना मी विचारलं, त्या दिवशी उभी राहिली म्हणून का. ते म्हणाले, फुप्फुसं आधीच गेली होती. ते खरं सांगत होते की मी मम्मीला सांगत होते तसं, हे मला कळलेलं नाही.

लहान घंटा वाजली तेव्हा मी घरी होते. फादरांचा हात आता बसला होता. ठोके एकसारखे पडत होते. गॅलरीच्या दाराशी तिची खुर्ची होती. मी उभी राहिले, प्रार्थनेसाठी तोंड उघडलं, आणि माझा, दुसरा भागच बाहेर आला. परत सुरुवात केली, परत दुसराच. पहिला मला येतो, मुलांना मीच शिकवते. घंटा थांबेपर्यंत तो माझ्या तोंडून निघाला नाही.