रेती कोणी दिली

कन्हान नदीकाठच्या आमच्या मुलखाचा इतिहास कोणी लिहिला, असं कुणी विचारलं तर मी मान वर करून सांगतो की मी. सगळा नाही, एकच वाक्य. पण त्या एका वाक्यानं चौदा घरं नदीच्या रेतीवरून उठवली. एवढं काम एका वाक्यात भल्याभल्यांना साधत नाही.

आमचं घराणं नागपूरचं, महालातलं. भोसल्यांच्या दफ्तरात वाडवडिलांनी लेखणी झिजवली, आणि ते राज्य गेल्यावर तीच लेखणी पुसून इंग्रजांच्या दौतीत बुडवली. मीही तेच केलं असतं, पण परीक्षेत गणितानं दगा दिला आणि कचेरीऐवजी नदीपलीकडच्या एका खेड्यात शाळामास्तर म्हणून माझी रवानगी झाली. शाळा म्हणजे एक खोली, एक फळा आणि मी. गावात लिहितावाचता येणारा मी एकटाच. मालगुजारांना, म्हणजे गावच्या जमीनदारांना, सही येत असे, पण ते काम त्यांना अर्धा तास पुरायचं.

एक दिवस तहसिलीतून छापील कागद आला. जिल्ह्याचं मोठं पुस्तक निघणार होतं, आणि प्रत्येक गावचा इतिहास तिथल्या मास्तरानं पंधरा दिवसांत पाठवायचा होता. गाव कोणी वसवलं, जुनी देवळं कोणती, चालीरीती कोणत्या, आणि प्रत्येक रीत कोणी घालून दिली, असे रकाने आखलेले होते. खाली ठळक अक्षरांत सूचना होती की कोणताही रकाना कोरा ठेवू नये. मागच्या वर्षी मी हजेरीपत्रकातला एक रकाना कोरा ठेवला होता, तेव्हा ‘खुलासा करावा’ असं लिहून कागद तीनदा परत आला होता. तेव्हापासून कोऱ्या रकान्याला मी सापापेक्षा जास्त भ्यायचो.

इतिहास म्हटल्यावर आधी मालगुजारांच्या ओसरीवर जाणं आलंच. त्यांनी मला गादीवर बसवलं, पुढ्यात चिवडा ठेवला, आणि इतिहास सुरू झाला. त्यांच्या पणजोबांनी वाघ मारला होता. पहिल्या दिवशी तो भाल्यानं मारला, दुसऱ्या दिवशी काठीनं, आणि चिवडा संपून बुंदीचे लाडू आले त्या दिवशी नुसत्या हातानं. पेंढारी गावावर चालून आले तेव्हा पणजोबा फक्त ओसरीवर येऊन उभे राहिले, आणि पेंढारी तसेच परत फिरले. असा माणूस घरात असताना भोसल्यांचं राज्य बुडालंच कसं, असं विचारायचं अगदी ओठांवर आलं होतं. पण लाडू चांगले होते. मी सगळं लिहून घेतलं.

मग चालीरीतींच्या रकान्यासाठी नदीवर गेलो. तिथं ढिवरांची वस्ती. पावसाळ्यात डोंगा चालवायचा, मासे धरायचे, आणि पूर ओसरून पात्र उघडं पडलं की रेतीत डांगरवाडी लावायची, हा त्यांचा धंदा. उन्हाळ्यात नागपूरकर जी टरबुजं नि डांगरं, म्हणजे खरबुजं, कापून खायचे ती या रेतीतली. हातानं खड्डे खणून, खत घालून, घागरीनं पाणी देऊन वाढवलेली.

त्यांच्यातली सगळ्यात वयस्क म्हणजे एक विधवा म्हातारी. तिला सगळी वस्ती माय म्हणायची, तर मीही म्हणायचो. त्या दिवशी नेमकी रेतीची वाटणी होती. डोंग्याच्या बांबूनं रेती मोजून चौदा तुकडे पाडले होते. प्रत्येक घराची एक खूण ठरलेली होती. कुणाची शिंपली, कुणाचा चिंचोका, कुणाची जाळ्याला लावायची मातीची गोळी. सगळ्या खुणा एका टोपलीत टाकल्या, मायचे डोळे पदरानं बांधले, आणि तिनं एकेक खूण काढून एकेका तुकड्यावर ठेवली. ज्याची खूण त्याचा तुकडा, वर्षापुरता. विधवेच्या घराला एक, आजाऱ्याच्या घराला एक, आणि ज्याचं सगळ्यांशी भांडण त्यालाही एक. कुणी हूं की चूं केलं नाही. आमच्या महालात दोन सख्ख्या भावांत एक आड वाटायचा तर वकील लागायचे.

मी मायला विचारलं की तोच तुकडा त्याच घराला कायमचा काहून देत नाही. ती हसली. म्हणाली, दरसाल नदी नवीन रेती आणून टाकते, मागच्या सालची रेती कुठं राहते? वाटायची तर दरसाल वाटावी लागते. मग मी माझा रकाना पुढे केला आणि विचारलं की ही रीत घालून कोणी दिली, रेती दिली कोणी.

“देते कोन? नदीची रेती हाये. नदीनं देल्ली,” ती म्हणाली.

मी घरी येऊन कागद पसरला. गाव कोणी वसवलं, मालगुजारांचे पूर्वज. देऊळ कोणी बांधलं, तेच. वाघ, पेंढारी, सगळं झकास बसलं. मग आला शेवटचा रकाना. तिथं ‘नदीनं’ असं लिहिलं असतं तर तहसिलीतला कारकून महिनाभर हसला असता आणि मग खुलासा मागितला असता. ‘माहीत नाही’ लिहिलं तर तेच. दोन दिवस मी डोकं खाजवलं. शेवटी वाटलं, मालगुजारांचे पूर्वज बाकी सगळ्या रकान्यांत आहेतच, आणखी एकात बसले तर त्यांना काय जड जाणार आहे? मी घोटीव अक्षरांत लिहिलं, ‘नदीपात्रातील रेतीत वाडी लावण्याची परवानगी मालगुजारांच्या पूर्वजांनी उदार अंतःकरणाने ढिवरांस दिली, ती आजतागायत चालू आहे.’

‘उदार अंतःकरणाने’ हे कुणी सांगितलं नव्हतं. ती माझी पदरची भर. वाक्याला तोल येत नव्हता म्हणून घातली. तेव्हा माझ्या लेखणीवर मीच एवढा खूश झालो की ते वाक्य बायकोला दोनदा वाचून दाखवलं.

तीनेक वर्षांनी पुस्तक छापून आलं. शाळेला एक प्रत मिळाली, जाडजूड, कापडी बांधणीची. मी अधाशासारखं आमचं गाव शोधलं. चार ओळी होत्या. वाघ नव्हता, पेंढारी नव्हते, पणजोबा तर औषधालाही नव्हते. पुस्तक काढणाऱ्या साहेबांनी सगळी थाप बरोबर ओळखून कापली होती. फक्त माझं रेतीचं वाक्य तेवढं खरं वाटून ठेवलं होतं. पणजोबा गळाले म्हणून मालगुजार आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मग त्यांनी ते वाक्य नीट वाचलं, आणि बोलायला लागले.

त्याच हिवाळ्यात नागपूरच्या एका फळवाल्या ठेकेदाराला त्यांनी सगळी रेती ठेक्यानं दिली. ढिवरांना निरोप आला की यंदा वाडी लावू नका. पूर्वजांनी दिलेली परवानगी वारसांनी परत घेतली, पुस्तक पाहून घ्या. ढिवरांनी तहसिलीत अर्ज केला. अर्ज कोणी लिहून दिला? मीच. गावात दुसरा होता कोण?

सुनावणीच्या आदल्या दिवशी माय शाळेत आली. पोरांना सुट्टी होती. ती दाराशीच बसली आणि म्हणाली, “मास्तर, तुमाले जास्त काही बोलाचं नाही. येवढंच सांगा का रेती कोनं देल्ली नाही, ते मी माह्या मनानं लिवलं. रेती गेली तर आमची वस्ती उठते गा.”

मी म्हणालो, सांगतो. आणि खरंच सांगायचं ठरवलं होतं. रात्री बायकोनं विचारलं, शाळेच्या कमिटीवर मालगुजार आहेत ना? मी म्हणालो, असू देत. मोठ्या आवाजात म्हणालो.

तहसिलीत साहेब आपल्यातलेच, मराठी, सभ्य माणूस. मालगुजार खुर्चीवर, ढिवर बाहेर जमिनीवर, आणि मी मधे उभा. साहेबांनी आधी मायला विचारलं की वाडीतली पहिली डांगरं मालगुजारांच्या घरी जातात का. ती म्हणाली, जातात. साहेब म्हणाले, म्हणजे त्यांची मालकी तुम्ही मानता. त्यावर ती म्हणाली की पहिली डांगरं देवळात जातात, मालगुजाराकडे जातात, मास्तरच्या घरी बी जातात, मग मास्तर रेतीचा मालक झाला का? कारकून खुदकन हसला. साहेबांनी तिचं उत्तर लिहून घेतलं नाही, कारण तो प्रश्न होता आणि उत्तराच्या जागी प्रश्न लिहायची सोय नव्हती.

मग त्यांनी पुस्तक उघडून माझ्यापुढे धरलं आणि विचारलं की या मजकुराचे लेखक आपणच का. लेखक! उभ्या जन्मात मला कुणी लेखक म्हटलं नव्हतं. शेण खाल्लं ते इथंच. अंगावर मूठभर मांस चढलं आणि मी म्हणालो, होय साहेब.

“हे खरं आहे ना?”

मी तोंड उघडलं. समोर छापील पान होतं. खाली सरकारचा शिक्का होता. ते खोटं आहे म्हणायचं म्हणजे मी सरकारला खोटं लिहून दिलं म्हणायचं. नोकरी जाणार, आणि वर खुलासा. मी म्हणालो, “ऐकीव माहितीवरून लिहिलं, साहेब.”

“कोणाकडून ऐकलंत?”

“गावातल्या जाणत्या माणसांकडून.”

ती माणसं खोटं सांगतात असं आपलं म्हणणं आहे का, त्यांनी विचारलं. मालगुजार आपली नखं पाहत होते. मी म्हणालो, नाही. बस, संपलं. साक्षीदारानं मजकुराला दुजोरा दिला, असं कारकुनानं लिहिलं, आणि मी खाली सही केली. सही मात्र फार सुंदर आली.

परतताना ढिवर आणि मी एकाच डोंग्यात होतो. दुसरी वाटच नव्हती. मायचा मुलगा बांबू मारत होता. मला वाटलं आता शिव्या बसतील, निदान कुणी पाण्यात तरी ढकलेल. पण मला उतरवताना मायच्या मुलानं नेहमीसारखा हात दिला. तो हात मी धरला, आणि त्याची लाज मला आजही वाटते.

ठेकेदारानं रेतीत खुंट्या ठोकल्या आणि बाहेरगावचे मजूर आणले. त्यांना रेतीतलं काही कळत नव्हतं. पाणी भलत्या वेळी देऊन त्यांनी अर्धे वेल जाळले. वस्तीतली सहा घरं होळीच्या आत सामान बांधून निघून गेली. कुणी कामठीकडे गेलं म्हणतात, कुणी आणखी खाली. नक्की मला माहीत नाही, आणि त्याचा रकानाही कुणी पाठवला नाही.

मग एक दिवस दुपारी माय शाळेत आली. तिला ठेकेदाराच्या नावानं अर्ज लिहून पाहिजे होता की राहिलेल्या आठ घरांना त्याच रेतीत वेलांना पाणी द्यायच्या कामावर रोजीनं घ्यावं. मी जमेल तेवढ्या मनापासून अर्ज लिहिला. शाईची डबी पुढे सरकवली आणि म्हणालो, दे वं माय, अंगठा.

तिनं हात पदरातून काढला नाही.

“आधी वाचा,” ती म्हणाली.

इतक्या वर्षांत तिनं माझ्याकडून किती कागद लिहून नेले असतील. लेकीला पत्रं, डोंग्याचा परवाना, तहसिलीतला तो अर्ज. कधी वाचायला लावलं नव्हतं. मी वाचलं. ती माझ्या बोटाकडे पाहत होती, कुठल्या शब्दावर बोट आहे ते.

“आखीन एक डाव वाचा.”

मी पुन्हा वाचलं, हळूहळू. तिनं विचारलं की जे वाचलं तेच लिहिलं आहे ना. मी हो म्हणालो. माझा आवाज मलाच खोटा वाटला, आणि कागदात तर एक अक्षर खोटं नव्हतं. तिनं कागद हातात घेतला, उलटा धरला, सुलटा धरला, बराच वेळ पाहिला. तिला वाचता येत नव्हतं, आणि गावात वाचणारा दुसरा कोणी नव्हता. मग तिनं अंगठा दिला.