हार टाळायचा फोटो

माझ्या हातून एक बाई मेली असती.

मेली नाही, कारण आमच्या एक्स-रे विभागातले देवरावभाऊ स्ट्रेचरसमोर आडवे उभे राहिले.

भाऊ परवा गेले.

ही गोष्ट बरीच जुनी. मी तेव्हा गडचिरोलीकडे नवीनच डॉक्टर होते. डोकं गरम, हात त्याहून घाईचे.

आरमोरीकडची एक बाळंतीण आली. तिसरा दिवस, इन्फेक्शन रक्तात पसरलेलं, बीपी लागत नव्हता. हाताची एक शीर धड सापडेना.

मी कॉलरबोनखालच्या मोठ्या शिरेत सेंट्रल लाइनची नळी टाकली. पहिल्याच फटक्यात! रक्त झकास आलं. मी मनात स्वतःची पाठ थोपटली.

नागपूरला न्यायला ॲम्ब्युलन्स दारात उभी. रस्ता तीन-चार तासांचा.

आणि भाऊ पोर्टेबल एक्स-रे मशीन ढकलत आले.
"मॅडम, फोटो."

"भाऊ, रक्त येतंय ना नीट? वेळ नाहीये!"

"रक्त येते म्हंजे नळी शिरंत हाय. बाकी आत काय झालं, ते फोटोच सांगन. फोटो पाह्यल्याबिगर बाई इथून हलत नाई."

मी ओरडले. अख्ख्या वॉर्डासमोर. काय काय बोलले, आज लिहायचीही लाज वाटते.

त्यात 'फोटो' ऐकून बाईच्या सासूने हंबरडा फोडला.
"माह्या सुनेचा फोटो काऊन काढता जी? जित्ती हाय ना थे!"

तिच्या घरी माणूस गेल्यावरच भिंतीवर फोटो लागायचा.

भाऊ मशीन लावता लावता म्हणाले, "माय, हा हार घालाचा फोटो नोहोय. हार टाळाचा हाय."

फोटो आला.

नळी बरोबर जागी होती. पण माझी सुई जाताना फुफ्फुसाला टोचली होती. छातीत हवा भरत होती, उजवं फुफ्फुस मिटत चाललं होतं. तिची धाप मी तापाची समजत होते!

छातीत दुसरी नळी टाकली. साठलेली हवा बाहेर पडली, बाईने श्वास घेतला. मग गाडी निघाली.

बाई वाचली.

मी माफी मागायला गेले, तर भाऊ म्हणाले, "चहा पाजा. आन् पुढच्या टायमाले मी याची वाट पाहू नोका, तुमीच मले हाक मारा."

त्यानंतर प्रत्येक लाइननंतर मीच हाक मारली. "भाऊ, फोटो!"

काल त्यांच्या घरी गेले. त्यांच्या पत्नीने, काकूंनी, हार माझ्या हातात दिला. "तुमीच घाला मॅडम. लय नाव काढत तुमचं."

भिंतीवर भाऊंचा आयकार्डवरचा फोटो, मोठा केलेला.

हात उचलेना हो. ह्या माणसाने जन्मभर दुसऱ्यांचे हार टाळले.

रडले. मग घातला.

भाऊ, फोटो पाहिल्याशिवाय माझ्या वॉर्डातून कोणी हलत नाही. शब्द आहे.

या आता. तुमच्या मॅडमचा शेवटचा नमस्कार.