अख्ख्या नानकटाया गार्गीच्या

नानकटाईच्या बाबतीत रुक्मिणी परबला कोणी शहाणपण शिकवलेलं खपायचं नाही. शेजारच्या अनुपमाने मागच्या वर्षी ओव्हन घेतला आणि "काकी, माझ्याकडे भाजून घ्या ना, कशाला बेकरीत खेपा?" असं प्रेमाने विचारलं, तर हिने तिला तिथल्या तिथे उडवून लावलं. "त्या खोक्यात? एका वेळी बारा भाजणार, त्याही वरून पांढऱ्या नि खालून काळ्या! राहू दे गं बाई, तुझे केक तुला लखलाभ."

दहिसरच्या त्या चाळीत तिची चाळीसेक वर्षं गेली. नवरा धोंडू गिरणीत होता. संपात गिरणी गेली ती गेलीच, मग त्याने बोरिवलीच्या एका सोसायटीच्या गेटवर वॉचमनकी केली, पार मरेपर्यंत. रुक्मिणी पालिकेच्या बालवाडीत मदतनीस होती. नाक पुसायची, खिचडी वाढायची, आणि बाईंना कागदकाम जमायचं नाही म्हणून तेही हीच करायची. मैद्याची खळ शिजवून पतंगी कागदाची फुलं, तोरणं, कंदील. तिच्या हाताखालून गेलेली पोरं आता बाप्ये झाली, तरी रस्त्यात "कंदीलवाल्या बाई" म्हणून हाक मारतात. हाताला गुण होता. फक्त माया सारखी वाटायची अक्कल त्या हाताला कधी आली नाही, आणि ते तिला स्वतःला कळायला अडुसष्ट वर्षं लागली.

यंदाच्या दिवाळीत तिचा सगळा जीव एकाच गोष्टीत अडकला होता. भाऊबीजेला राजेश घरी यायला हवा. राजेश तिचा थोरला मुलगा, कांदिवलीला टॉवरमध्ये राहतो, बायको अपूर्वा आणि सात वर्षांची गार्गी. धाकटी दीप्ती जूनमध्ये दोन बॅगा आणि सहा वर्षांची मनाली घेऊन नवऱ्याचं घर सोडून आली, ती परत न जाण्यासाठीच. राजेशने तेव्हा फोनवर एवढंच विचारलं होतं, "हे आता कायमचं का?" त्यानंतर तो दहिसरला फिरकला नव्हता. गणपतीलाही नाही. भाऊबीजेला सख्खा भाऊ दारात आला नाही तर चाळीत काय बोलतील ते सोडा, पण दीप्तीला या घरात कोणी नाही असंच ठरेल, ही धास्ती रुक्मिणीला झोपू देत नव्हती.

"तो नाही येणार, आई," दीप्ती म्हणायची. ती एका लॅबमध्ये काउंटरवर बसायची, सकाळी आठला घर सोडायची. "कशाला जीव टाकतेस?"

"तू गप गं. नानकटाया गेल्या की बरोबर येईल. लहानपणापासून वेडा आहे त्यांच्यासाठी."

"असणारच. अख्ख्या त्याला मिळायच्या. मी चुऱ्यावर वाढलेय," दीप्ती हसत म्हणाली आणि चपला घालून निघून गेली. रुक्मिणीनेही ते हसण्यावारी नेलं.

वसुबारसेच्या आदल्या दिवशी परात काढली. मनाली शाळेला सुट्टी म्हणून दिवसभर आजीच्या मागे मागे. रुक्मिणीने तळहाताने वनस्पती तूप फेसायला घेतलं, पांढरं होऊन फुलून येईपर्यंत. मग पिठीसाखर, मग मैदा, मूठभर रवा, बेसन, वेलची, जायफळ. मनालीला पाटावर बसवून गोळे वळायला दिले. पोरगी कामाला चोख. जिभेचं टोक बाहेर काढून एकेक गोळा असा वळायची की बघत राहावं.

"आता अंगठा दाब. मधोमध. हां, आणि त्या खड्ड्यात एक चारोळी."

ही त्या घराची खूण. बेकरीत पन्नास घरांचे ट्रे, नानकटाया सगळ्या सारख्या, अदलाबदल व्हायची नि भांडणं लागायची. कोणी काट्याने रेघा ओढायचं, कोणी बाटलीचं झाकण दाबायचं. परबांकडे घरातल्या सगळ्यात लहान पोराचा अंगठा आणि एक चारोळी. पूर्वी तो अंगठा राजेशचा असायचा. खरं तर दीप्ती त्याच्याहून लहान, पण तिने हात लावला की राजेश भोकाड पसरायचा, म्हणून त्याचाच ठेवला.

बेकरीवाला चाचा आता थकलाय, पण दिवाळीचे दोन दिवस पाव काढून झाले की अजून लोकांचे ट्रे भट्टीत घालतो. दोघी नाक्यापलीकडे जाऊन ट्रे देऊन आल्या, दुपारी आणायला गेल्या. वासाने मनाली वाटभर उड्या मारत होती.

घरी आल्यावर निवडणं. एका बाजूला स्टीलचा नवा डबा, दुसऱ्या बाजूला जुना ॲल्युमिनियमचा.

"नीट ऐक. अख्ख्या या डब्यात, त्या गार्गीच्या. मोडलेल्या त्या डब्यात, त्या आपल्या."

"मला एक अख्खी?"

"मोडलेलीची चव काय वेगळी लागते का गं? सगळी एकाच परातीतली."

मनालीने तरी हळूच एक उचललीच. रुक्मिणीने हातावर चापट मारली, जोरात नाही, पण मारली. "ठेव. ती गार्गीची." मनालीने ठेवली. रडली नाही, काही नाही. मग खाली मान घालून चुरा वेचून खात बसली.

कंदिलाचंही तसंच. बांबूच्या काड्या, जांभळा कागद, खळ. दोन केले. पहिला वाकडा झाला, तो आपल्या दाराला लावला. दुसरा झकास जमला, त्याच्या झिरमिळ्या मनालीने एकेक मोजून कापल्या होत्या. तो कांदिवलीला.

"गार्गी खिडकीत लावेल?" मनालीने विचारलं.

"लावेल तर काय! आणि भाऊबीजेला मामाबरोबर येईल ना, तेव्हा तुम्ही दोघी मिळून खेळा."

हे रुक्मिणी ठासून बोलली. मनाली तेव्हापासून दिवस मोजायला लागली.

धनत्रयोदशीच्या सकाळी रुक्मिणी डबा पिशवीत घालून, कंदील छातीशी धरून निघाली. मेट्रोच्या सरकत्या जिन्याशी तिचं जमत नाही, म्हणून बसने. सबंध हायवेभर तिने कंदिलाला कोणाचा धक्का लागू दिला नाही.

राजेशच्या घरी सगळे तयार होऊन उभे. अपूर्वाने दार उघडलं. "अय्या, आई! फोन तरी करायचा. आम्ही जरा बाहेरच निघत होतो." पाया पडली, पाणी दिलं. तशी ती वागायला वाईट नव्हतीच कधी. कंदील बघून म्हणाली, "किती क्यूट! पण यंदा सोसायटीने सगळ्यांना एकसारखे कंदील लावायला सांगितलेत हो." आणि कंदील चपलांच्या कपाटावर ठेवला.

"या मनालीने केल्यात," रुक्मिणीने डबा पुढे केला. "गार्गी, घे गं बाळा."

"आई, तिचा मैदा आणि डालडा बंद केलाय आम्ही. तिने क्लबहाउसमध्ये नाचणीचे कपकेक केले परवा. गार्गी, आजीला फोटो दाखव."

गार्गीने फोटो दाखवला. गोड पोर. रुक्मिणीच्या कानाशी येऊन म्हणाली, "आजी, आम्ही ना, पूलमध्ये..."

"गार्गी, शूज!" अपूर्वा म्हणाली.

राजेश घड्याळ बघत होता. रुक्मिणीने त्याला विचारलंच. "भाऊबीजेला येतोस ना रे? दीप्ती वाट बघतेय." दीप्ती कसली वाट बघतेय! पण आईला खोटं बोलायला काय लागतं.

"बघतो गं आई. ऑफिसचं काही नक्की नाही. कळवतो."

"अरे, पाच मिनिटं ये. ओवाळून घे नि जा. जेवू नकोस हवं तर."

"बघतो म्हटलं ना!"

ती उठली. लिफ्टपर्यंत कोणी आलं नाही, कारण त्यांनाही निघायचं होतं.

गेटवर येईतो गुडघे दुखायला लागले. रिक्षा थांबेना. केबिनमधल्या म्हाताऱ्या वॉचमनने, त्याचं नाव धाकू, तिची फरफट बघून आतली खुर्ची पुढे केली. "बसा हय मावशे. ह्या टायमाक रिक्षावाले थांबनत नाय." बोलीवरून गावाकडचाच निघाला. ती कणकवलीकडची, तो देवगडचा. कोणाकडे आलात, हे त्याने विचारलं नाही, हिनेही सांगितलं नाही. धोंडूही अशाच केबिनमध्ये बसायचा, या विचाराने तिला तिथे बरं वाटत होतं.

पाच-सात मिनिटं झाली असतील. राजेशची गाडी तळघरातल्या पार्किंगमधून वर आली नि गेटपाशी थांबली. मागच्या काचेतून बॅगा दिसत होत्या. राजेशने काच खाली केली आणि खिडकीतून हात बाहेर काढला.

"धाकू, हे घे. फराळ आहे. आम्ही इथे नसणार, घरात खराब होईल. आणि हा कंदील लाव तुझ्या केबिनला."

मुलगा हाकेच्या अंतरावर. नुसतं "राजा" म्हटलं असतं तरी त्याने वळून बघितलं असतं. पण रुक्मिणीने पदर पुढे ओढला आणि भिंतीकडे तोंड केलं, जणू चोरी तिनेच केली होती. लाज कोणाला वाटायला हवी आणि कोण मेलं लाजेने! गाडी निघून गेली.

धोंडू दिवाळीला सोसायटीतून असेच डबे आणायचा, साहेब लोकांनी गेटवर दिलेले. राजेश दारात उभा राहून त्यांची वाट बघायचा. गेटवर डबा कसा देतात, हे पोराला तेव्हापासून ठाऊक होतं.

"साहेब गोव्याक गेले," धाकूने कंदील खिळ्याला अडकवत सांगितलं. "भाऊबीज झाल्यावर येतले." मग त्याने डबा उघडला आणि तो आधी तिच्यापुढे धरला. "घेवा मावशे. घरची केलेली दिसतत."

डबाभर नानकटाया. एकही मोडलेली नाही. प्रत्येकीवर तो इवलासा अंगठा आणि एक चारोळी. रुक्मिणीच्या डोळ्यांपुढे ती चापट आली. एका अख्ख्या नानकटाईसाठी मारलेली. कोणासाठी गं, कोणासाठी मारलीस तू पोरीला, असं स्वतःलाच विचारत ती डब्याकडे बघत राहिली.

"खाईत नाय? गोड चलत नाय काय तुमका?"

"घरात नात आसा," ती कशीबशी म्हणाली.

"मग तिका न्हेवा." त्याने वर्तमानपत्राच्या कागदात सहा बांधून दिल्या. आपल्याच हातच्या सहा नानकटाया, वॉचमनने दयेने दिलेल्या, घेऊन ती रिक्षाने हायवेपर्यंत आणि तिथून बसने घरी आली. पुडी तिने पूर्ण वाट मांडीवर धरली होती. हलू दिली नाही.

मनाली दारातच बसली होती, वाकड्या कंदिलाखाली.

"आजी, लावला गार्गीने कंदील?"

"लावला गं. गेटवरच लावला. येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना दिसेल असा."

"आणि मामा येणार ना?"

दीप्ती आतून ऐकत होती. आज तिला अर्धी सुट्टी होती. रुक्मिणीने आत बघितलं आणि मानेनेच नाही म्हटलं. दीप्ती गॅसकडे वळली. "मी सांगत होते" असं तरी म्हणायचं, भांडायचं तरी! पण तेही नाही.

"मामाला काम आहे," रुक्मिणीने मनालीला सांगितलं. मग खाली बसली, गुडघे कुरकुरले तरी मांडी घातली, ताटली ओढली आणि पुडी सोडली. सहाच्या सहा अख्ख्या होत्या. तिने त्यातली सगळ्यात चांगली, बरोबर मधोमध अंगठा उमटलेली, निवडून मनालीच्या हातावर ठेवली.

"घे बाळा. अख्खी घे. सगळ्या तुझ्याच."

मनालीने हातातल्या नानकटाईकडे बघितलं, मग आजीकडे. तिला खरं वाटेना. चापट परवाचीच होती.

"ही तर गार्गीची ना?"

"नाही गं राणी. तुझी. तूच केलीस ना?"

मनालीने थोडा विचार केला. मग ती नानकटाई तिने दोन्ही हातांत धरली, ताटलीच्या काठावर आपटली आणि तिचे नीट दोन तुकडे केले.

"आता माझी झाली," ती म्हणाली आणि खायला लागली.