शिक्क्याची मांडी

आम्ही तिघांनी मिळून केलेली शेवटची साधी गोष्ट म्हणजे मटण खाल्लं. मी, माझी बायको आणि तिचा धाकटा भाऊ. खाऊन झाल्यावर त्यानं हात धुतले, ढेकर दिला आणि खाली उतरून माझ्याच दुकानाला नोटीस दिली. असा माणूस आमच्याकडं खारीगावात, राईगावात, काशीमीऱ्यात, कुठंही दुसरा सापडणार नाही. सापडलाच तर मला दाखवू नका.

मेव्हणा सरकारी. मटणाच्या दुकानांची तपासणी करतो. बकरं कापलं की डॉक्टर बघतो आणि मांडीवर जांभळा शिक्का मारतो. आम्ही दुकानदार तो शिक्क्याचा भाग शेवटपर्यंत टांगून ठेवतो, कुणी विचारलं तर दाखवायला. भाऊ जेवायला येणार म्हणून हिनं त्या दिवशी नेमकी तीच मांडी उचलून वर घरात नेली. "दाजी, शिक्का कुठाय?" "तुझ्या पोटात!" "पोटातला धरता येत नाही," म्हणाला आणि लिहायला लागला. वरून ही ओरडली, "मेल्या, रस्सा दोनदा घेतलास ना!" तेही त्यानं नोटिशीत घातलं असतं, जागा उरली नव्हती.

तपासणी त्याच्या अंगातच मुरलेली. लग्नाला गेला की नवरानवरीच्या आधी आचाऱ्याला भेटणार आणि पातेल्याचं झाकण उचलणार. एकदा जत्रेत नवसाच्या बकऱ्याच्या पापण्या उलटून बघितल्या न् म्हणाला, "देवीला चालेल, पण याला ताप आहे." लोकांनी मारायचा बाकी ठेवला. आम्ही मुलगी बघायला नेला, तर तिच्याकडे रोखून बघत म्हणतो, "डोळे स्वच्छ आहेत." ती म्हणाली, "दातपण मोजा की!" लग्न राहिलं ते राहिलंच. आई गेल्यावर हिनंच वाढवलेला. त्याला सगळ्या जगात एक बहीण आणि एक रजिस्टर.

त्या नोटिशीनंतर महिन्याभरात ही गेली. छातीत दुखतंय म्हणाली, संपलं. मी दुकान चालू ठेवलं, पण कसं ते विचारू नका. मटण तोडायच्या लाकडी ठोकळ्याला वास, वर माशा. गिऱ्हाईक दारातूनच "नहीं चाहिए अंकल" म्हणून परत. नोटिशीनंतरच्या तपासणीला मेव्हणा आला. ठोकळ्यावर बोट फिरवलं, हुंगलं. "दाजी, साफ होईपर्यंत बंद ठेवा. नाहीतर परवाना जाईल." माझं डोकं फिरलं. "बहीण होती तोवर तू मेव्हणा. आता ही पायरी चढू नकोस." त्यानं कार्बन नीट लावून माझी सही घेतली आणि गेला. मला वाटलं, आपलं म्हणायला होता तेवढा एक, तोही मीच हाकलला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सवयीनं शटर वर केलं, तर मेव्हणा दारात उभा. अंगात बनियन, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, हातात तारेचा ब्रश. "रजा टाकलीय," म्हणाला. "आणि मी घासलेलं मी तपासणार नाही. दुसरा साहेब येईल." मग ठोकळ्यापाशी उकिडवा बसला. "ताई कशानं घासायची?"

चाळीस वर्षं रोज संध्याकाळी ती माझ्या पाठीमागे घासत बसायची. मी कधी वळून बघितलं नव्हतं.

"मीठ असेल," मी म्हणालो.

त्यानं मीठ टाकलं, दम लागेपर्यंत घासलं, वाकून वास घेतला. "मीठ आहेच. पण अजून काहीतरी होतं, दाजी," म्हणाला आणि परत पाणी ओतलं.