शेजारी म्हणून केलेली सही

जळकोटच्या पुढं, हमरस्ता सोडून थोडं आत, एक ख्रिस्ती बालगृह आहे. वीसेक वर्षं मी तिथं ज्वारी पोचवतो. त्याबद्दल गावानं एकदा माझा सत्कार केला, शाल दिली. ती शाल मी कधी पांघरली नाही. का, ते आता लिहून ठेवतो.

माझी धाकटी बहीण काविळीनं गेली. नवरा तिच्या आधीच वारलेला. मागं राहिली तीन वर्षांची पोर. माझ्या घरात तीन मुली होत्या. चौथी नको, असं मी किंवा मालकिणीनं तोंडानं कधी म्हटलं नाही. आम्ही दोघं नुसते गप्प राहिलो. स्टँडवर कुणीतरी म्हणालं, तिथं ज्याचं कुणीच नसतं अशीच लेकरं घेतात. मी ते खरं धरलं. अर्जात नातेवाइकांच्या रकान्यात ‘कोणी नाही’ लिहिलं आणि खाली शेजारी म्हणून सही केली. पोर ‘मामा’ म्हणेल या भीतीनं तिच्या हातात बिस्किटं देत राहिलो. तोंड भरलेलं असलं की ती बोलायची नाही.

तिला तिथं सोडलं त्या दिवसाचे आवाज आठवत नाहीत. नुसतं ऊन आठवतं, आणि फाटकापर्यंतची वाट. डोळा लागला की मी अजून त्या वाटेनं चालतो. बोट धरलेला हात हलका हलका होत जातो आणि फाटक काही जवळ येत नाही.

पुढं दर मे महिन्यात पोती घेऊन जाऊ लागलो. ती मला विसरली होती. इतर लेकरांसारखी ‘ज्वारीवाले काका’ म्हणायची. पोत्यांवर बसून सगळी लेकरं गोष्ट मागायची. मी आमच्या अणदूरच्या खंडोबाची सांगायचो. देव काही दिवस नळदुर्गला असतो, बाकीचं वर्ष अणदूरला. नेताना दोन्ही गावची माणसं करार लिहितात, की देव परत येणार.

ती सातेक वर्षांची असताना एकदा मला उशीर झाला. बालगृह रिकामं होतं. पायरीवर ती एकटी, चिंचोके खेळत.

“बाकीची कुठं गेली गं?”

“सुट्टीला. कुणाला आजीनं नेलं, कुणाला मामानं.”

“आन् तू?”

“मला कोण न्हाय. कागदावर लिहिलंय तसं.”

तिथल्या मावशींना मी विचारलं, “नातेवाईक असलेली लेकरं पण घेता?”

“घेतो की. ज्यांना झेपत नाही त्यांच्यासाठीच तर हे घर आहे, काका. फक्त सुट्टीला न्या म्हणतो, म्हणजे नातं राहतं.”

खोटं लिहायची गरजच नव्हती. तेव्हाच बोलायला हवं होतं. मी पोती उतरवली आणि परत आलो. त्यानंतरचे सगळे मे महिने मला एकाच लांब दुपारीसारखे वाटतात. माझ्या अंगणात नातवंडं आंबे चोखतायत आणि पलीकडं कुठंतरी पायरीवर चिंचोके वाजतायत.

ती नर्स झाली. यंदा लग्न ठरलं. मावशी म्हणाल्या, “काका, चर्चमध्ये तिचा हात धरून तुम्हीच आणा. तुमच्याइतकं जुनं तिचं कोण आहे?”

तो मान चोरून घेणं मला जमेना. लग्नाच्या आठ दिवस आधी गेलो. ती दोरीवरच्या चादरी काढत होती. एका चादरीपलीकडं ती, अलीकडं मी, आणि मधे ऊन. मी सगळं सांगितलं. बिस्किटांचंही.

तिनं ती चादर काढून घडी घातली. मग तिनं विचारलं, “सुट्टीत तुमच्याकडं पोरं काय करायची?”

“विहिरीत पोहायची. रात्री वर माळवदावर झोपायची.”

“किती जणं?”

“सात-आठ.”

“म्हणजे एकीला जागा होती.”

मी दोरीवरची पुढची चादर काढून तिच्या हातात दिली.

“चर्चमध्ये मी एकटी चालत येईन,” ती म्हणाली. “तुम्ही आधी कागद नीट करा.”

मावशींनी जुना अर्ज शोधून काढला. ‘शेजारी’ खोडून मी ‘मामा’ लिहिलं.

“आता खाली करार लिहा,” ती म्हणाली. “देवाचा लिहितात ना? दर मे महिन्यात आठ दिवस. न्यायला तुम्ही यायचं.”

“आठच?” मावशी हसत म्हणाल्या.

“आधी आठ. बघू, कसे वागवतात.”

लग्नात मी शेवटच्या बाकावर होतो. ती एकटी चालत गेली, सावकाश. वळून बघितलं नाही.

अजून ती मला काकाच म्हणते. काल माळवद झाडून घेतलं, विहिरीचा दोर बदलला. परवा तिला आणायला जायचं आहे. मालकीण सकाळपासून विचारते आहे, पोरीला काय आवडतं. मला माहीत नाही.