बुधवारच्या बाजूची

"सरकार पाच वर्षांचं असतं म्हणतात, मला मेलं एकही पुरतं भेटलं नाही."

कायदेकाकू हे एकदा बोलल्या ते जिन्यात, दोन मजल्यांच्या मधल्या वळणावर, कठड्याला धरून. सून एक पायरी खाली त्यांची पिशवी घेऊन उभी होती. संसदेच्या प्रेक्षक-सज्जाकडे जाणारा तो दगडी जिना चढताना काकू प्रत्येक वळणावर थांबत, आणि दम लागला म्हणून थांबलो हे कुणाला कळू नये म्हणून काहीतरी बोलत. वाक्य अर्ध्यात सोडायचं, श्वास घ्यायचा, राहिलेलं वरच्या वळणावर पुरं करायचं. लोकांना वाटे, बाईला बोलायची भारी हौस. सुनेला मात्र ते अर्धं वाक्य हवेत लोंबकळताना दिसे, आणि ते पुरं होईपर्यंत तिचाही श्वास अडकलेला असे.

कायदेकाकू हे गल्लीनं ठेवलेलं नाव. आधी चेष्टेनं, पुढे सवयीनं. त्याआधी त्या कपबशांच्या कारखान्यातल्या कडाखोलीत होत्या. कच्चे कप वाळले की भट्टीत जाण्याआधी त्यांच्या कडा घासून गुळगुळीत कराव्या लागतात. बायका बाकांवर ओळीनं बसत, मांडीत कप धरून काचकागदानं कड घासत, आणि पिठासारखी पांढरी धूळ पापण्यांवर, केसांत, घशात बसत जाई. संध्याकाळी भोंगा झाला की त्या खोलीतून सगळ्या एकाच वयाच्या बाहेर पडत. म्हातारपण कपड्यांवरून झटकता येतं असं तेव्हा वाटे. छातीत गेलेलं झटकता आलं नाही.

भट्टीवरच्या माणसांना छातीच्या या आजारावर सरकारी खर्चानं उपचार मिळत, श्वासाचं यंत्र मिळे. ते सरकारी यादीत होते. कडा घासणाऱ्या बाया यादीत नव्हत्या. यादी करणाऱ्यांनी भट्टी पाहिली, ती लाल दिसते, लांबूनही दिसते. मागची खोली कुणी पाहिली नाही. काकूंची थोरली जाऊ त्यांच्या शेजारच्याच बाकावर बसायची. ती गेली तेव्हा दवाखान्यानं "जुना दमा" एवढंच लिहिलं. जाऊबाईंना आयुष्यात कधी दमा नव्हता. त्यांना कप होते.

तर काकूंना हवा होता तो कायदा दीड पानाचा. यादीत एक ओळ वाढवायची, बस. ते विधेयक संसदेत मांडणारा खासदार म्हणजे कोपऱ्यावरचा औषधांचा दुकानदार. खासदार झाला तरी गल्लीत त्याला दुकानदारच म्हणत. "मला खोकल्याचं औषध विकून विकून अखेर त्याला लाज वाटली," काकू सांगायच्या, "म्हणून निवडणुकीला उभा राहिला."

विधेयक पहिल्यांदा मांडलं तेव्हा सरकारातला एक भागीदार रुसून बाहेर पडला आणि सरकार कोसळलं. तेव्हाच घरात सगळ्यांना कळलं की सभागृह बरखास्त झालं की त्याच्या टेबलावरचं अर्धवट काम त्याच्याबरोबर जातं. नवं सभागृह कोऱ्या पाटीनं बसतं. पुन्हा मांडणी, पुन्हा समिती, पुन्हा साक्ष. दुसऱ्या वेळी सरकार चांगलं धडधाकट होतं. पण पंतप्रधानांना वारं आपल्या बाजूचं वाटलं, आणि वारं आहे तोवर उफणून घ्यावं म्हणून त्यांनी मुदतीआधीच निवडणूक लावली. विधेयक पुन्हा गेलं. तिसऱ्या समितीपुढे तीच हकिगत सांगून आल्यावर काकू सुनेला म्हणाल्या, "आता मला माझंच आयुष्य पाठ झालंय गं. कुठे आवंढा गिळायचा तेसुद्धा."

पण या वेळी गाडी पुढे सरकली. समिती झाली, चर्चा झाली, उरलं फक्त शेवटचं मतदान. ते बुधवारी होतं. आणि त्याच आठवड्याच्या सोमवारी विरोधकांनी आणलेल्या अविश्वासाच्या ठरावावर मतदान ठरलं.

घरात त्या ठरावाचा आनंद होता. मुलगा बस डेपोत मेकॅनिक. सरकारनं निम्मे मार्ग बंद करायचं ठरवलं होतं आणि त्याच्या खात्यातली माणसं एकेक करून घरी बसत होती. रविवारी तो मोर्चाहून आला तो खांद्यावर फलक घेऊनच. दारात चप्पल काढता काढता म्हणाला, "उद्या पडतंय! आकडा जुळला. आई, चहा टाक, साखर जास्त."

"बुधवारनंतर पाडा की," काकू म्हणाल्या. त्या कप धूत होत्या. कप हातात आला की त्यांचा अंगठा आपसूक कडेवरून फिरायचा.

"म्हणजे?"

"म्हणजे गुरुवारी पाडा. मी स्वतः येते ढकलायला."

"आई, यांनी माझ्या पोटावर पाय आणलाय. तू मतसुद्धा यांच्या विरोधात दिलंस. आणि आता यांना आयुष्य मागतेस? तू नक्की आहेस तरी कुणाच्या बाजूची?"

"मी बुधवारच्या बाजूची."

मुलगा बायकोकडे वळला. "ऐकलंस? उद्या हिला पंतप्रधानांच्या घरी कप धुवायला पाठव."

"मला मध्ये ओढू नका," सून म्हणाली, आणि साखर जास्त घातली, दोघांच्याही कपात. डॉक्टरांनी येता हिवाळा जपा म्हणून तिला एकटीला बाजूला घेऊन सांगितलं होतं. नवं सरकार, नवं सभागृह, नवी समिती. त्या मोजणीत कितीतरी हिवाळे बसत होते. हे तिनं नवऱ्याला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर तो गप्प बसला असता, आणि त्याचं गप्प बसणं काकूंना लगेच कळलं असतं.

संध्याकाळी दुकानदार आला. त्याचा पक्ष चिमुकला, तिघांचा, आणि उरलेले दोघे त्याच्या शब्दाबाहेर नव्हते. स्वयंपाकघरातल्या स्टुलावर तो अवघडून बसला. खासदार झाल्यापासून त्याला बसायला खुर्ची देत. तो स्टूलच ओढून घेई.

"काकू, उद्या आम्हाला ठरावाच्या बाजूनं मत द्यावं लागणार. लोकांना शब्द दिलाय. सरकार पडेल. बुधवार काही..." त्यानं वाक्य सोडलं. ते वरच्या वळणावर पुरं करायची सोय त्याला नव्हती.

"नाही दिलं मत तर?"

"तिघांनी नाही दिलं तर वाचेल. पण लोक मला फाडून खातील."

काकूंनी धुतलेला कप पालथा घातला. मग म्हणाल्या, "अहो दुकानदार, इतकी वर्षं लोकांच्या तापावर जगलात. एक दिवस तुम्हाला येऊ द्या की."

तो आधी हसला. मग हसू तसंच तोंडावर राहिलं आणि डोळे काकूंच्या निळसर ओठांवर गेले. ओठांचा रंग औषधवाल्याला वाचता येतो. त्यानं चहा तसाच ठेवला आणि उठला. बाहेरच्या खोलीत बसलेल्या मुलानं त्याला दारापर्यंत सोडलं, "उद्या तुमच्यावर भिस्त आहे, दुकानदार," म्हणाला. दुकानदार नुसती मान हलवून गेला. सुनेनं आतून ते ऐकलं, आणि घर एवढं छोटं असूनही त्यात दोन वेगळ्या बातम्या राहू शकतात याचं तिला नवल वाटलं.

सोमवारी दुपारी रेडिओनं सांगितलं, सरकार दोन मतांनी बचावलं. तीन सदस्य आजारपणामुळे गैरहजर होते.

मुलगा रेडिओसमोरून उठला. आईकडे पाहिलं. काकूंच्या चेहऱ्यावर जे होतं ते त्यांना लपवता आलं नाही. त्या उजळल्या होत्या.

"तू सांगितलंस त्याला," तो म्हणाला.

"सांगितलं."

"डेपोत मी कुठल्या तोंडानं जाऊ?"

"याच. मीच दिलंय ते." पण त्यांची चेष्टा या वेळी जमिनीवर पडली आणि कुणी उचलली नाही. मुलगा त्या दिवसापासून आईशी बोलेना. मीठ हवं असलं तरी बायकोला सांगे, "तिला म्हणावं, मीठ दे." मंगळवारी औषधाच्या दुकानाच्या शटरवर कुणीतरी कोळशानं "गद्दार" लिहिलं. दुकानदाराची बायको ते बादली घेऊन धूत होती, तेव्हा सून तिकडून गेली आणि तिनं रस्ता बदलला. काकू मात्र घरी चप्पल पुसत होत्या, बुधवारची साडी खुर्चीवर काढून ठेवली होती, आणि जेवताना त्यांनी पुन्हा भात मागून घेतला.

बुधवारी जिना चढताना त्या नेहमीपेक्षा जास्त बोलल्या. सज्जाच्या दारावरचा रखवालदार ओळखीचा. त्यालाही एक वाक्य मिळालं. "आज शेवटचं तोंड बघून घ्या. उद्यापासून मी रिकामी."

"मग आम्ही कुणाशी बोलायचं, काकू?" तो म्हणाला, आणि त्यांना पुढच्या रांगेतली जागा दिली. खाली सभागृह भरलेलं होतं. मधल्या टेबलावर कागदांच्या चळती होत्या. दुकानदार आपल्या बाकावर एकटा होता. शेजारचे सरकून बसले होते.

घंटा झाली. अध्यक्ष बसले. काकू पुढे झुकल्या. आणि विधेयकाचं नाव पुकारण्याऐवजी पंतप्रधान उभे राहिले.

ते हसतमुख होते. सभागृहानं परवाच आपल्यावर विश्वास दाखवला, असं म्हणाले. आता हाच विश्वास जनतेकडे मागावा असं आपल्याला वाटतं. "शिवाय," ते समोरच्या बाकांकडे पाहत म्हणाले, "विरोधकांत सध्या तापाची साथ आहे. ती पसरायच्या आत निवडणूक उरकलेली बरी." हशा झाला. बाकं वाजली. आज सकाळीच आपण राष्ट्रप्रमुखांना भेटून सभागृह बरखास्त करण्याचा सल्ला दिला आणि तो त्यांनी मानला, असं सांगून ते खाली बसले.

सुनेला काही उमगेना. ती मागे वळून रखवालदाराला कुजबुजत म्हणाली, "पण हे तर परवा जिंकले ना?"

"जिंकले म्हणूनच, ताई," तो तसाच कुजबुजला. "परवा पडले असते तर हरलेल्या तोंडानं लोकांपुढे जावं लागलं असतं. आता जिंकून जातायत, समोरच्यांत फूट पडली आहे, दिवस यांनीच निवडला. यापेक्षा चांगला मुहूर्त कुठला?"

"आणि आमचं?"

रखवालदारानं हनुवटीनं खाली दाखवलं. खाली अध्यक्ष सांगत होते की राहिलेलं कामकाज आता घेतलं जाणार नाही. एक कारकून टेबलाशी आला आणि कागद गोळा करू लागला, जेवण झाल्यावर पानं उचलावीत तसा, वर कुठलं आणि खाली कुठलं हे न पाहता. त्यात ते दीड पान होतं.

दुकानदार उठून उभा राहिला होता. त्यानं वर सज्जाकडे पाहिलं. औषध संपलंय हे सांगताना काउंटरमागून तो जसे दोन्ही तळवे उघडे करायचा, तसे केले. ते लगेच मिटवताही येईनात, असा उभा राहिला.

सुनेनं काकूंकडे पाहायला वेळ लावला. तिला वाटलं होतं, त्या रडत असतील, किंवा काहीतरी बोलतील, निदान एखादी शिवी हासडतील. काकूंची नजर खाली होती. त्यांचा अंगठा सज्जाच्या लाकडी कठड्यावरून फिरत होता, एका जागी पुढे-मागे, पुढे-मागे, जणू तिथे अजून खरखरीत काही राहिलं होतं.

"आई," सून म्हणाली. "आई, घरी जाऊ. ह्यांच्याशी मी बोलते. मी सगळं सांगते त्यांना."

अंगठा थांबला. काकू उठल्या. पिशवी सुनेकडे आहे का हे त्यांनी पाहिलं नाही. रखवालदारानं दार उघडून धरलं आणि मान थोडी वाकवली, नेहमीचं वाक्य घ्यायला. त्या त्याच्या पुढून गेल्या. जिन्याच्या पहिल्या वळणावर थांबल्या, कठड्याला धरून, बराच वेळ. वरून उतरणारी माणसं बाजूनं जात होती, आणि त्यांतल्या प्रत्येकाला आज कळत होतं की ही बाई श्वासासाठी थांबली आहे. मग त्यांनी कठडा सोडला आणि पुढच्या पायरीवर पाऊल टाकलं.