ऑस्कर मच्याडोचं नाक

ऑस्कर मच्याडो चौथीत माझा विद्यार्थी होता. मधल्या सुट्टीआधी, डबे उघडायच्या आत, कोणी काय आणलंय ते तो नुसत्या वासावरून सांगायचा आणि मुलं पैजा लावायची. एकदा मी रागावले तर शांतपणे म्हणाला, "बाई, तुमच्या डब्यात आज मेथी आहे. जरा करपलीय." खरोखरच करपली होती.

आता तो छप्पन्न वर्षांचा आहे. वसईजवळ निर्मळला आमच्या मागच्या गल्लीत राहतो. केळीची वाडी त्याची बायको सेलिन बघते. तो गॅसच्या जोडण्या करतो. आधी लग्नाच्या मांडवातल्या मोठ्या शेगड्या आणि हॉटेलांची स्वयंपाकघरं करायचा. मांडवाच्या बाहेर उभं राहून "डावीकडची शेगडी गळतेय" असं सांगणारा माणूस म्हणून त्याचं नाव झालं. मग चार वर्षांपूर्वी सुमेध नावाच्या एका इंजिनिअर मुलाने सातिवलीला गाळा घेतला आणि तिथे मिनीबस आतून बदलून त्यांत झोपायची फळी, मोरी, फ्रीज, शेगडी बसवायला सुरुवात केली. अशी गाडी भाड्याने घेऊन माणसं सहकुटुंब प्रवासाला निघतात. तिला कॅराव्हॅन म्हणतात. सुमेध त्या विकतोही आणि भाड्यानेही देतो. गॅसचं काम सुमेधने ऑस्करकडे दिलं.

गाडी गाळ्याबाहेर पडायच्या आधीचं शेवटचं काम ऑस्करचं. तो सिलिंडरच्या कपाटापुढे गुडघे टेकायचा, डोळे मिटून दोन श्वास घ्यायचा, उठायचा आणि म्हणायचा, "जा बिनधास्त." बाकीचे कारागीर गॅसच्या नळीच्या सांध्याला साबणाचा फेस लावून बुडबुडा येतो का ते बघतात. गाळ्यात विजेचं काम करणाऱ्या वेदांतने एकदा तसं सुचवलं, तर ऑस्कर सगळ्यांसमोर म्हणाला, "साबण अंग धुवायला असतो रे. ज्याला नाक नाही त्याने फेस करावा." सगळे हसले. तेव्हापासून गाळ्यात साबणाचं नाव कोणी काढलं नाही.

गेल्या सप्टेंबरात त्याला ताप आला. आठ दिवसांत उतरला, पण वास परत आला नाही. सेलिनने वाडीतला सोनचाफा त्याच्यापुढे धरला. "काय घमघमतोय!" असं तो म्हणाला आणि त्याच वेळी त्याला कळलं, की आपण खोटं बोललो. डॉक्टरकडे तो गेला नाही. येईल चार दिवसांत, असं स्वतःला सांगत राहिला. कामात सांधे पूर्वीपेक्षा दुप्पट जोर लावून आवळायचा, आणि शेवटी सवयीने गुडघे टेकून दोन श्वास घ्यायचा. फेस लावून बघावा असं रोज वाटायचं. पण वेदांत समोर असताना बादलीत साबण कालवायचा कसा? "बाई, शब्द माझाच होता," तो मला नंतर म्हणाला, "तोच घशात अडकला."

नोव्हेंबरात गावातल्याच व्हिव्हियन कुटिन्होने गाडी ठरवली. तिच्या आईचं, रिटाकाकूंचं, खुब्याचं हाड मोडून सहा महिने झाले होते. त्यांना फार वेळ बसवत नाही. बंगळुरूला त्यांच्या धाकट्या मुलीकडे नातवाचं लग्न होतं आणि काकूंनी हट्टच धरला होता. आडवं पडून जाता येईल अशी गाडी एवढा एकच मार्ग होता. शनिवारी संध्याकाळची चर्चमधली मिस्सा उरकून व्हिव्हियन, तिचा नवरा मार्क आणि चाकांच्या खुर्चीत काकू असे तिघे सातिवलीला आले.

काकूंनी गाडीकडे बघितलंही नाही. ऑस्करलाच विचारलं, "तू वास घेतलास का रे?"

"घेतो ना काकू."

त्याने गुडघे टेकले, दोन श्वास घेतले. "जा बिनधास्त."

"मग झालं," काकू म्हणाल्या.

रविवारी पहाटे गाडी निघाली.

त्या दिवशी दुपारी सेलिन वसईला भाजी देऊन घरी आली तर स्वयंपाकघरात उग्र वास कोंडलेला. शेगडीवर चहा उतू जाऊन आच विझली होती, गॅस चालूच होता. आणि ऑस्कर ओट्यापुढे हातात लायटर घेऊन उभा. तिने झेप घेऊन लायटर हिसकावला, शेगडी आणि सिलिंडर बंद केला, खिडक्या उघडल्या आणि त्याला दंडाला धरून अंगणात ओढलं.

"अख्ख्या आळीला वास येतोय. तुला नाही आला?"

त्याने उघड्या खिडकीकडे तोंड करून खोल श्वास घेतला.

"ऑस्कर. तुला नाही आला?"

"नाही."

"कधीपासून?"

"तापापासून."

सेलिन पायरीवर बसली. एकेक शब्द सुटा करून तिने विचारलं, "काल म्हातारीला काय सांगितलंस तू?"

"सांधे मी चांगले आवळलेत. काही होणार नाही. आणि आता फोन केला तर सुमेधला कळणार, गाळ्याला कळणार. उद्यापासून मला कोण—"

"आणि झालं तर?"

फोन तिनेच लावला आणि त्याच्या हातात दिला.

गाडी कराडच्या पुढे एका ढाब्याच्या मोकळ्या आवारात नुकतीच थांबली होती. व्हिव्हियन म्हणाली, "बरं झालं फोन केलात अंकल. आईला चहा हवाय. ती शेगडी पेटवायची कशी—"

"पेटवू नकोस! कशालाच हात लावू नकोस. दिव्याचं बटण नको, पंखा नको. दार उघड आणि काकूंना बाहेर काढा."

"काय झालं?"

सेलिन शेजारून ओरडली, "आधी म्हातारीला उचल ग! मग विचार!"

फोनवर धावपळ ऐकू येत होती, मार्कचा आवाज, खुर्चीचा खडखडाट. काकू गाडीतल्या सगळ्यात खालच्या फळीवर झोपल्या होत्या. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो खालीच साठतो. ऑस्करला हे ठाऊक होतं.

"काढलं बाहेर," व्हिव्हियन धापा टाकत म्हणाली.

"गाडीत कसला वास येतोय का?"

"येतोय ना, साताऱ्यापासून. पण तो बोंबलाचा आहे. आईने धाकटीसाठी दोन किलो सुके बोंबील घेतलेत. मार्क म्हणाला मला गाडीत तो वास नको, म्हणून खालच्या कपाटात ठेवले."

"कुठल्या कपाटात?"

"सिलिंडरच्या. पिशवी बरोबर तळाला बसली, त्या जाळीवर."

ती जाळी ऑस्करनेच बसवली होती. गॅस गळलाच तर खालून रस्त्यावर निघून जावा म्हणून. बोंबलाच्या पिशवीने ती वाटच बुजली होती.

फोन मार्कने घेतला. "पण अंकल, काल तुम्ही स्वतः वास घेऊन सांगितलंत ना?"

ऑस्करने सेलिनकडे बघितलं. ती दुसरीकडे बघत होती.

"मला वास येत नाही, मार्क. दोन महिने झाले. काल मी तुमच्याशी खोटं बोललो."

मग लांबून रिटाकाकूंचा आवाज आला, "तरी मी मघापासून सांगतेय! माझा बोंबील असला घाण वास मारत नाही. पण म्हातारीचं ऐकतंय कोण?"

ऑस्करच्या सांगण्यावरून व्हिव्हियनने सिलिंडर बंद केला आणि पिशवी काढली. मग दारं खिडक्या उघड्या टाकून अर्धा तास त्यांनी गाडी तशीच ठेवली. ढाब्यावरून भांड्यांचा साबण मागून घट्ट फेस केला आणि तो सांध्यांवर लावला. सिलिंडर क्षणभर उघडला.

"काय दिसतंय?"

"पहिल्यावर काही नाही... दुसऱ्यावर काही नाही... अंकल, मागच्या सांध्यावर बुडबुडा येतोय. फुगतोय. अजून एक आला."

"बंद कर. घट्ट बंद कर. बंगळुरूपर्यंत आणि परत येईपर्यंत गॅस उघडायचा नाही. चहा ढाब्यावर प्या."

फोन ठेवून तो अंगणातच बसला. सेलिनने पाणी आणून दिलं. "जेवलास का?" एवढंच विचारलं.

सोमवारी तो स्वतःहून सुमेधसमोर उभा राहिला. सुमेध आवाज चढवणारा नाही. त्याने एवढंच विचारलं, "तापानंतर किती गाड्या गेल्या?" व्हिव्हियनची सोडून नऊ गेल्या होत्या. दोन दिवस ऑस्करने त्या नऊ जणांना एकेक करून फोन केला आणि प्रत्येकाला तेच सांगितलं. एकजण शिव्या देऊन मोकळा झाला. एका बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि "तुमची तब्येत कशी आहे आता?" असं विचारलं. सहा गाड्या तपासायला परत आल्या. फेस वेदांतने केला. एका गाडीत सांधा जरासा ढिला निघाला. वेदांत एक शब्दही बोलला नाही. ऑस्करच्या मते ते टोमण्यापेक्षा जड होतं.

सुमेधने त्याला काढलं नाही, पण नुसत्या नाकाच्या भरवशावर गाडी सोडणं बंद केलं. प्रत्येक गाडीत आता वास पकडून किंचाळणारं यंत्र बसतं. आणि ऑस्करने स्वतःहून एक पद्धत पाडली. गाडी नेणाऱ्याच्याच हातात तो ब्रश देतो. फेस त्यानेच लावायचा, बुडबुडा त्यानेच शोधायचा. सिलिंडरच्या कपाटात दुसरं काही ठेवायचं नाही आणि गाडी चालू असताना सिलिंडर बंद, हेही तोच सांगतो. सुरुवात मात्र एका वाक्याने करतो, "मला वास येत नाही, म्हणून तुम्ही बघायचं."

मागच्या आठवड्यात मी सातिवलीला मुद्दाम गेले होते. तुळिंजचे एक आत्माराम सावे जव्हारला जायला गाडी बघत होते. ऑस्करचं वाक्य ऐकून त्यांनी ब्रश खाली ठेवला. "ज्याला वास येत नाही त्याच्याकडून गॅस बसवून घेता?" असं सुमेधला विचारलं आणि बायकोला घेऊन निघून गेले.

सुमेध कपाळ चोळत म्हणाला, "अंकल, हे जरा शेवटी सांगत जा ना. निदान त्यांना गाडी तरी बघू दे."

"शेवटी सांगितलं तर ते फेस लावताना नीट बघणार नाहीत," ऑस्कर म्हणाला. "मी बघितलंय असंच समजतील."

बाहेर पुढचं गिऱ्हाईक येऊन थांबलं होतं, एक तरुण जोडपं, बाईच्या कडेवर मूल. ऑस्करने ब्रश पुसला आणि त्यांच्याकडे गेला. मी दारातच उभी होते. त्याचं पहिलं वाक्य मला तिथवर स्पष्ट ऐकू आलं.